सुतावरून स्वर्ग

वस्त्ररचनेतील पीएच.डी. म्हणजे कापडाबद्दल आजवर न मांडलेले काही मांडणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार त्यासाठी किमान ३ आणि कमाल ६ वर्षे मिळतात. आधी अभ्यासक्रम, मग संशोधनाचा आराखडा, प्रबंध आणि शेवटी मौखिक परीक्षा. हा क्रम सर्वच विषयांना सारखा. कापडाचा पेच मात्र निराळा आहे. कापडाचे ज्ञान आधीच कुणाच्या तरी बोटांत असते. मग संशोधकाने लिहिले त्यात नवे काय?

थोड्या पुराव्यावरून मोठा निष्कर्ष काढणाऱ्याला मराठीत ‘सुतावरून स्वर्ग गाठतो’ म्हणतात. हा आरोप आहे, आणि परीक्षकाच्या मनात नेमका तोच असतो. पण वस्त्राच्या अभ्यासकापुढे कित्येकदा खरोखर सूतच असते. मडकी टिकतात, कापड कुजते. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून कापडाचे तुकडे उरले. ते कापसाचेच आहेत, हे तंतू-अभ्यासक गुलाटी आणि टर्नर यांनी १९२० च्या दशकात मुंबईत, माटुंग्याच्या प्रयोगशाळेत दाखवले. प्रवरेकाठच्या नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तिथे पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिचा दोरा गुलाटींनी तपासला, तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम दोन्ही आढळले. सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या नेवाशात रेशीम! ते आले कुठून, कापसात मुद्दाम मिसळले की चुकून, हे दोरा सांगत नाही.

तो टिकला तांब्यामुळे. गंजणाऱ्या तांब्याचे क्षार जिवाणूंना मारक ठरतात, म्हणून धातूला बिलगलेले सूत कुजत नाही. त्याच वस्तीत मोट बांधणारी, अंगावर पांघरलेली, झोळीला लावलेली सुते असतीलच. त्यांना धातूचा स्पर्श नव्हता, ती गेली. टिकवण्यातही एक मेख आहे. कधी कधी क्षार तंतूंची जागाच घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली पीळ दिसतो, जाडी मोजता येते, पण सूत तिथे नसते. उरलेला असतो धातूने धरलेला सुताचा आकार.

येवल्याच्या किंवा पैठणच्या मागावर पैठणीचा पदर विणताना प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते. रंग बदलतो तिथे एक धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून मागे फिरवतात; म्हणूनच पदराची उलट-सुलट बाजू सारखी दिसते. ही कृती लिहिता येते, तिचे चित्रही काढता येते. ती लिहिली नाही, तर विणणारे हात थांबल्यावर तिचेही मोटेच्या दोरीसारखेच होईल. प्रबंध इथे तांब्याचे काम करतो, एवढे मानता येते.

पण तांब्याने राखलेले सूत सूतच राहते, की त्याचा नुसता आकार? धागा किती ओढला म्हणजे पदरावरच्या मोराची मान आखडणार नाही, असे विचारले तर विणकराकडे एवढेच उत्तर असते : हाताला कळते. संशोधक ताण मोजू शकतो, स्वतः मागावर बसू शकतो, विणलेला पदर प्रबंधासोबत ठेवू शकतो. तरीही त्या दोन शब्दांचा अर्थ प्रबंधाच्या पानावर उतरला की नाही, हे सहा वर्षांच्या शेवटीही ठरेलच असे नाही.