प्रो कबड्डी की टी. वाय.?

"पोरगा टी. वाय.ला आहे, प्रो कबड्डीच्या ट्रायलला पाठवू का?" सिन्नरात असं विचारणारे आईबाप आता बरेच भेटतात. पाठवा की! शेजारच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार झाला, २०२४ मध्ये संघाला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. पण पुढच्याच हंगामात गुडघा दुखावला नि तो बाहेर बसला. त्याचं तोवर नाव झालेलं होतं. आपल्या पोराचा गुडघा पहिल्याच वर्षी गेला तर? सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पदाला लागणारं शिक्षण हवंच. म्हणून ट्रायलची बॅग भरण्याआधी परीक्षेचा फॉर्म भरा. आणि कॉलेजवाल्यांनो, हजेरीवरून अडवू नका हो त्यांना. मुसळगाव एमआयडीसीत कंत्राटी लागलेले दोन भारी रेडर माझ्या ओळखीचे आहेत. दोघांचंही शेवटचं वर्ष तसंच राहिलंय.