अवघड प्रश्नांचा धीर

फोंड्याला असलेल्या माझ्या बहिणीची मुलगी नर्स आहे. अमेरिकेत नोकरी करायची तर तिला ‘एनक्लेक्स’ ही परवान्याची परीक्षा द्यावी लागेल. तयारीसाठी बहिणीने कर्ज काढले आहे, म्हणून धास्ती जास्त. ‘घाबरू नकोस’ असे सगळेच सांगतात. त्याने कुणाची भीती गेली आहे?

मला वाटते, धीर त्या परीक्षेच्या रीतीतच आहे. संगणकावरची परीक्षा, वेळ पाच तास. एप्रिल २०२३ पासून प्रश्न कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न बहुधा कठीण येतो, चुकले की सोपा. म्हणजे पेपर कठीण वाटणे हे वाईट लक्षण नव्हे!

“मामा, ८५ वरच बंद पडला तर?”

“तुझ्याबद्दल त्याची खात्री पटली, एवढेच. पास की नापास, ते त्यावरून कळत नाही.”

मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. मग त्यावर झुरायचे कशाला? आणि विचारतात काय, तर या रुग्णासाठी आधी काय कराल? रात्रपाळीत एकटीने वॉर्ड सांभाळणारी ही मुलगी त्याचे उत्तर रोजच देत असते.