हजारात एक

सोल्डरिंग आयर्न तापलं की मल्टिमीटरची लाल पिन त्याच्या टोकाला तारेनं बांधायची, काळी पिन गारच ठेवायची आणि दोन्ही कांडीवर टेकवायच्या. आकडा उणे आला तर कांडी पी-टाइप, म्हणजे वीज नेणारे वाहक धन प्रभाराचे; अधिक आला तर एन-टाइप, म्हणजे वाहक इलेक्ट्रॉन. महागडी यंत्रं हाताशी असली तरी भट्टीतून निघालेली प्रत्येक कांडी मी आधी अशीच पाहते.

कांडी बिस्मथ टेल्युराइडची. रुपेरी, जड, करंगळीएवढी. नखानं जोर लावला तर अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात. एक टोक गरम आणि दुसरं गार ठेवलं की तिच्यातून वीज मिळते. सीबेकचं नाव लाभलेला हा परिणाम १८२१ पासून माहीत आहे. कांडीनं वीज सहज वाहू द्यावी, उष्णता अडवावी आणि अंशाअंशाच्या फरकाला भरपूर व्होल्टेज द्यावं, एवढीच आमची अपेक्षा असते. पण डोपिंगला, म्हणजे वाहक वाढवायला किंचित परका पदार्थ मिसळण्याला, हात घातला की या तिन्ही गोष्टी एकदम हलतात.

एन-टाइप कांडीत आयोडीनचा अंश वाढवला की इलेक्ट्रॉन वाढतात आणि वीज जोमानं वाहते. त्याच वेळी व्होल्टेज उतरतं. शिवाय इलेक्ट्रॉन जाताना उष्णताही सोबत नेतात. धातूंमधलं हे नातं वीडेमान आणि फ्रान्झ यांनी १८५३ मध्येच मांडलं होतं. चांगल्या कांडीतही जवळजवळ एक तृतीयांश उष्णता इलेक्ट्रॉनच नेतात. मग डोपिंग कमीच ठेवावं? तसंही चालत नाही. कांडी तापली की उलट्या प्रभाराचे वाहक जागे होतात, ते गरम बाजूकडून गार बाजूकडे निघतात आणि आधीच्या व्होल्टेजला खाऊन टाकतात. नेमकं प्रमाण बसतं ते साधारण हजार अणूंमागे एका वाहकावर.

उरलेली उष्णता जाते ती अणूंच्या जाळीच्या कंपनांतून, आणि एवढ्याशा डोपिंगनं तिला फारसा अडथळा होत नाही. तिथे मिश्रधातूच हवा. पी-टाइपमध्ये आम्ही बिस्मथच्या तीन चतुर्थांश जागा अँटिमनीला देतो. रचना तीच राहते, पण जड आणि हलके अणू शेजारी बसल्यामुळे कंपनं अडखळून विखुरतात. वाहकांना त्याचा त्रास त्या मानानं कमी. हा विचार रशियाच्या इयोफे यांनी १९५६ मध्ये मांडला. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांना उष्णतेतून वीज देणाऱ्या पदार्थातही कामाची हीच वाटणी आहे: सिलिकॉनमध्ये जर्मेनियम मिसळलं ते कंपनं रोखायला, बोरॉन आणि फॉस्फरस घातलं ते वाहक द्यायला. ही वाटणी मला फार सुंदर वाटते.

एका पावसाळ्यात माझ्या हाताखालची मुलगी मल्टिमीटर घेऊन धावत आली. ‘मॅडम, हे उलटं दाखवतंय. यात मी काही घातलेलंच नाही.’ कांडी शुद्ध बिस्मथ टेल्युराइडची होती, वितळवून घेतलेली, आणि सकाळी पी-टाइप होती. मग आम्ही ती बॉल मिलमध्ये दळली, दाबून चकती केली, आणि चकती एन-टाइप निघाली. मी आधी पिना बदलून पाहिल्या. मग नळी, चिमटे, खल सगळं धुवायला लावलं. त्या मुलीवर आवाज चढवला, ही माझी चूक. घडलं होतं ते असं की दळताना थर घसरतात, टेल्युरियमच्या जागा रिकाम्या होतात आणि त्या रिकाम्या जागाच इलेक्ट्रॉन देतात. आयोडीनशिवाय, नुसत्या दळण्यानं डोपिंग झालं होतं. तेव्हापासून आमच्या वहीत वजनांच्या रकान्याशेजारी दळणाच्या तासांचा रकाना आहे. (टेल्युरियमची पूड नाकातोंडात गेली की श्वासाला कित्येक दिवस लसणासारखा वास येतो, म्हणून मास्कशिवाय मिल उघडायची नाही, हेही त्याच पानावर ठळक लिहिलंय.)

मी ओव्यात राहते. मागे खारघरचे डोंगर, पलीकडे तळोज्याची एमआयडीसी. शेजारचे काका तिथे बॉयलरवर असतात. एकदा अंगणात बसले असताना त्यांनी विचारलं, ‘ताई, आमच्या पाइपांची ऊब रोज वाऱ्यावर जाते. तुमच्या कांड्या त्यावर बसवल्या तर?’ मी खरं तेच सांगितलं. एवढ्या तापमानाला शंभर भाग उष्णतेतून चार-पाच भाग वीज हाती येईल, आणि टेल्युरियम दुर्मीळ म्हणून खर्चही जड जाईल. त्यांनी क्षणभर हिशेब केला. ‘पण ते चार-पाच भाग आत्ता तर शून्यच आहेत ना?’

परवा नवी चकती निघाली. अर्धाच वेळ दळलेली, नंतर दोन दिवस मंद आचेवर ठेवलेली. आयर्न टेकवलं त्या मुलीनंच. आकडा उणे आला, आणि थोडा वेळ तसाच राहिला. तिनं वहीत तास लिहिले आणि पिना पुसून ठेवल्या.