गंधकाचा हिशेब कोण मागणार?

आम्ही मुरबे गावात राहून तारापूर एमआयडीसीत पाळीला जाणारे. दिवसा वारा समुद्राकडून येतो, तेव्हा कारखान्यांचा धूर बोईसरच्या चाळी आणि पाड्यांकडे जातो. थंडीत रात्री वारा फिरतो आणि तोच धूर किनाऱ्याकडे येतो. साहेब तोवर मुंबईच्या गाडीत बसलेले असतात. मागे राहणारा कंत्राटी कामगार कोणत्या समाजाचा, हे आम्ही सांगायला नको.

तक्रार केली की उत्तर ठरलेलं: सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे. असेलही. पण हे उत्तर अर्धं आहे. कोळसा किंवा फर्नेस ऑइल जळलं की त्यातलं गंधक वायू होऊन बाहेर पडतं. उन्हात आणि धुक्याच्या थेंबांत, काही तासांपासून काही दिवसांत, त्याचं सल्फ्यूरिक आम्ल होतं. शेणखत, युरिया, गटारातून येणारा अमोनिया त्याला मिळाला की अमोनियम सल्फेटचे बारीक कण बनतात. फुफ्फुसात खोल उतरणाऱ्या पीएम २.५ मध्ये हेही असतात. म्हणजे मीटरवर वायू कमी दिसतो, आणि त्यातला काही भाग कण होऊन पुढच्या गावात पोचलेला असतो!

जुलै २०२५ मध्ये केंद्राने सुमारे ७८ टक्के औष्णिक वीजसंचांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. तिथेही आधार हाच: वायू मर्यादेत आहे. सल्फेटचा वाटा किरकोळ ठरवला. आणि आपल्याच जिल्ह्यात डहाणूच्या ५०० मेगावॅट केंद्रात ही यंत्रणा २०१५ च्या देशव्यापी नियमाच्या आधीच बसली होती! १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने तिथे प्राधिकरण नेमलं गेलं आणि कार्यकर्त्यांनी पिच्छा सोडला नाही.

तारापूर २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात देशात पहिलं, ९३.६९ गुण. हरित लवादात मांगेला समाजाची परिषद गेली, पण तो लढा मुख्यतः सांडपाण्याचा. हवेचा लढा वस्तीने उचलावा, असं आमचं म्हणणं आहे. स्वच्छ हवा कलम २१ मध्ये येते, हे सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगितलंय. मागणी साधी आहे: कण वस्तीत मोजा, रात्री मोजा, त्यात सल्फेट किती ते वेगळं सांगा आणि आकडा मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. पहिला अर्ज या महिन्यात टाकू. जय भीम.