घोडे किती आणि खूर किती

घोड्यांशी माझा संबंध आयुष्यात दोनदाच आला. एकदा माथेरानला आणि एकदा लग्नात. दोन्ही वेळा कुठे जायचे हे घोड्यानेच ठरवले. तरीही इंदापूर तालुक्यातल्या माझ्या चुलतभावाचा फोन आला, "दादा, ट्रॅक्टर घेतोय. किती घोड्यांचा घ्यायचा, ते येऊन सांगा." पुण्याच्या माणसाला सगळे कळते असा गावाकडे समज आहे. तो आम्हीच पसरवलेला आहे.

निघण्यापूर्वी मी अभ्यास केला. 75 किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर उचलायचे, म्हणजे एक हॉर्सपॉवर. माझे वजन नेमके 75 किलो. म्हणजे मला उचलायला कागदोपत्री एक घोडा पुरे. माथेरानच्या घोड्याला हे कुणी सांगितले नव्हते.

घरी तीन पक्ष होते. थोरल्या भावकीत 50 चा ट्रॅक्टर, म्हणून चुलतभावाला 55 चा हवा. वहिनींचा 35 ला पाठिंबा, कारण हप्ता लहान. तिसरा पक्ष आबांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा. ते तंबाखू मळत गप्प होते. काम दोन प्रकारचे: हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यावर न्यायच्या आणि उन्हाळ्यात कॅनॉलकडेची वेडी बाभूळ मुळासकट काढायची. सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा कसाही चढणारच होता. मी 45 वर तडजोड सुचवली. ती कुणालाच पटली नाही, म्हणजे ती बरोबर असावी.

मग ठरले, शेजाऱ्याचा 35 चा आणून बघू. पुतण्याने बाभळीच्या बुडख्याला साखळी घातली, दुसरे टोक सीटमागे उंचावर बांधले आणि गॅस दिला. बाभूळ हलली नाही. ट्रॅक्टरची पुढची चाके मात्र हातभर वर उठली.

"याला म्हणतात अश्वशक्ती!" मी टाळी वाजवली.

"क्लच दाब! क्लच!" आबा ओरडत धावले. चाके धपकन खाली आली. पुतण्याचा चेहरा पांढरा पडला होता. ट्रॅक्टर असाच उताणा होतो आणि माणूस खाली सापडतो, हे मला नंतर कळले. टाळी मी खिशात घातली.

आबांनी साखळी खालच्या हुकाला लावायला सांगितली. मागच्या टायरांत पाणी भरून घेतले, टिकावाने चार मुळ्या तोडल्या. त्याच 35 च्या ट्रॅक्टरने बुडखा उपटला. घोडे कमी नव्हतेच. चाकावर वजन कमी होते आणि साखळी उंच होती.

"मग 35 चाच घ्या," मी निकाल दिला.

आबा मला ओढ्याच्या उतारावर घेऊन गेले. "दोन ट्रॉल्यांत किती ऊस?"

"पंधरा-वीस टन."

"अन् ट्रॅक्टर?"

"दोन टन. जड असला तर थोडा जास्त."

"मग हितं कोण कुणाला नेतंय?"

मी गप्प. पुण्यात आम्ही सहसा गप्प होत नाही.

"बैल घेताना मी ओढ बघितली न्हाई कधी," आबा म्हणाले. "चढाला कुठलाबी बैल ओढतो. उताराला भरली गाडी अंगावर येती, तवा खूर रोवतो का, ते बघायचं. गाडीवर हे पोरगं बसणार हाय."

बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो, आणि मागून रेटा बसला की ट्रॅक्टर आडवा फिरतो.

शेवटी 50 चा, पण वजनाने भारी ट्रॅक्टर ठरला. 55 मधून वाचलेले पैसे ट्रॉल्यांच्या ब्रेकला लावायचे. एका खेपेला एकच ट्रॉली, अशी वहिनींनी अट घातली. थोरल्या भावकीशी बरोबरी झाल्याने चुलतभावानेही इभ्रत राखली. माझा सल्ला कुणी घेतला नाही, पण पाहुणचार यथास्थित झाला.

निघताना आबांनी दहा किलो पेरूंची पिशवी दिली. बारामतीहून स्वारगेट गाठले, बसमधून उतरू लागलो, तर पिशवीने मागून असे ढकलले की मी थेट कंडक्टरच्या अंगावर.

"काका, जरा जपून!"

"ओढायला जोर आहे हो," मी म्हणालो, "खूर तेवढे रोवत नाहीत."