होकार

कवळाण्याच्या काशीरावांचा गोपाळ १८७५ साली बडोद्याच्या गादीला दत्तक गेला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. ‘इथं कशाला आलास?’ असं विचारल्यावर सगळ्या पोरांत त्यानंच ‘राज्य करायला’ असं ठणकावून सांगितलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. खरी असेल, मागून रचलेलीही असेल. मला त्या उत्तरापेक्षा त्यानंतरच्या रात्रीचं कुतूहल जास्त. मालेगावकडच्या खेड्यातलं पोर एकदम राजवाड्यात. नाव सयाजीराव, आई जमनाबाई, अवतीभवती हुजरे. झोप लागली असेल का त्याला? कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन शाहू महाराज झाला, तेव्हा त्यालाही दहावं वर्ष चालू होतं. त्याच्याही पहिल्या रात्रीबद्दल कुणी काही सांगत नाही. गादीवर मूल बसलं, तोफा झाल्या, साखर वाटली, संपलं.

गादी असली की थोरलं मूल चालतं. गादी नसली की कुणालाच नको असतं. आज आपल्याकडे दत्तक घेऊ पाहणाऱ्या आईबापांची रांग भली मोठी आहे, पण ती तान्ह्या बाळांसाठी. सहा, आठ, दहा वर्षांची पोरं, एकमेकांना न सोडणारी भावंडं, आजारानं किंवा अपंगत्वानं मागं राहिलेली मुलं त्या रांगेच्या तोंडाशी उभी असतात आणि रांग त्यांना वळसा घालून पुढं जाते. २०२४-२५ या वर्षात देशात साडेचार हजारांहून थोडी अधिक मुलं दत्तक गेली, त्यातली बहुतेक सगळी देशातच. परदेशी जाणारी थोडकीच, आणि त्यांत बरीचशी अशी, की ज्यांना आपल्याकडच्या घरांनी नको म्हटलेलं असतं. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण तसं आहे.

पाच वर्षांवरच्या मुलाला विचारल्याशिवाय दत्तक देता येत नाही, असा नियम आहे. चांगला नियम. संस्थेत मुलाला एक अल्बम दाखवतात : हे घर, हा कुत्रा, हा तुझा भाऊ, हा बर्फ. मग विचारतात, ‘जाशील ना?’ मूल म्हणतं, ‘हो.’ आठ वर्षांच्या मुलीला बर्फ म्हणजे काय ते गोळेवाल्यापुरतं माहीत असतं आणि अमेरिका म्हणजे विमानाच्या पलीकडचं काहीतरी. पण मोठ्यांच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर कोणतं, ते तिला चोख ठाऊक असतं. संस्थेत वाढलेली पोरं त्या बाबतीत फार हुशार.

मी राहते अमेरिकेत, मिनेसोटात. हिवाळ्यात इथं पारा शून्याखाली वीसपर्यंत सहज उतरतो आणि नाकातला श्वास टोचतो. याच राज्यात कोरियातून दत्तक आलेली हजारो मुलं वाढली. आज त्यांतली कित्येक पन्नाशी-साठीची माणसं आहेत, दुकानात, शाळेत, कचेरीत भेटतात. त्यामुळे गोऱ्या आईबापाबरोबर वेगळ्या चेहऱ्याचं मूल दिसलं तर इथं कुणी वळून बघत नाही. एका शिक्षिकेनं मराठी मंडळाच्या यादीतून माझा नंबर काढून फोन केला, तो फेब्रुवारीत. विदर्भातल्या एका संस्थेतून त्यांची मुलगी नुकतीच आली होती. नवराबायको जाऊन घेऊन आले होते. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, पासपोर्ट, मग दिल्लीला डॉक्टरी तपासणी आणि व्हिसा, असं सगळं करून. बाईंनी वर्षभर मोबाइलवर हिंदी शिकून घेतली होती. मुलीला हिंदी कळत होती, पण टीव्हीतली. ‘आप खाना खाएंगी?’ असं आई विचारायची आणि पोरगी तिच्याकडे मालिकेतल्या सासूकडे बघावं तसं बघायची.

पहिल्यांदा गेले तेव्हा दोघं नवराबायको कौतुकानं फुललेले. काय शहाणी मुलगी! पहाटे साडेपाचला उठते. गादी ओढून सरळ करते, पांघरुणाची घडी अशी, की दुकानात ठेवावी. टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघराच्या दाराशी उभी राहते, आत कुणी नसलं तरी. पाणी प्यायच्या आधी विचारते. जेवण झालं की सगळ्यांची ताटं उचलून मोरीशी जाते आणि धाकट्या भावाचं तोंड पुसते. तो पाच वर्षांचा, या घरातच जन्मलेला. त्याला आपलं तोंड कुणी पुसावं याची सवय नव्हती आणि तो रागावून ओरडत होता.

मी ते टॉवेल घेऊन उभं राहणं पाहिलं. दार उघडं, दिवा चालू, आत कुणी नाही. ती उभीच. डावा पाय उजव्या पायावर घासत, नजर दाराच्या चौकटीवर. पुढच्या चाळीस मुलींची अंघोळ व्हायची असावी अशी. आई म्हणाली, ‘गो अहेड’, बाप म्हणाला, ‘जाओ बेटा.’ तेव्हा ती गेली. कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगेपर्यंत थांबणं यालाच ती नीट वागणं समजत होती. अशा मुलांबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्या बाया सांगतात की पहिल्या दिवसांतला हा शहाणपणा पाहुण्याचा असतो. पाहुणा पसारा करत नाही, जेवणाला नावं ठेवत नाही, रात्री रडला तर उशीत तोंड घालून रडतो. घरचं मूल पसारा करतं. तेव्हा पसाऱ्याची वाट बघायची.

मी डबा नेला होता : वरण, भात, पोळ्या, लिंबाचं लोणचं. त्यांच्या समाजसेविकेनं एक पथ्य घालून दिलेलं होतं. पहिले काही आठवडे मुलीला वाढायचं, न्हाऊ घालायचं, जवळ घ्यायचं ते फक्त आईबापांनी. आजीआजोबा, शेजारी, मराठी काकू सगळे लांब. आतापर्यंत संस्थेत पाळीपाळीनं मावश्या येत-जात राहिल्या, एक गेली की दुसरी. जेवण हातात देणारं माणूस तेच ते असतं, हे या मुलांना नव्यानं कळावं लागतं. मला ते पटलं, जरी वाढायला हात शिवशिवत होते. डबा मी आईच्या हातात दिला. तिनं ताटात वरण-भात शेजारी शेजारी दोन ढिगांत मांडला. पोरीनं तो क्षणात एक केला, बोटांनी कालवला, आणि मान खाली घालून इतक्या भराभर जेवली की वाढणारीचा चमचा हवेतच राहिला. पोळ्या मात्र चारातल्या दोनच खाल्ल्या. उरलेल्या दोन नंतर उशीच्या अभ्र्यात सापडल्या. याचंही पथ्य होतं आणि ते आईनं उत्तम पाळलं : रागावायचं नाही, काढून घ्यायचं नाही. तिनं पलंगाशी एक झाकणाचा डबा ठेवला आणि त्यात रोज केळं, बिस्किटं, पोळीची गुंडाळी भरून ठेवू लागली. मराठी आईलासुद्धा हे सुचलं असतं की नाही, शंका आहे. आपण पहिल्यांदा मुंग्यांची काळजी केली असती.

पलंगावर ती झोपत नव्हती. पलंगाच्या कडेला खाली, भिंतीशी. मग बापानंही आपली गादी त्याच खोलीत खाली टाकली, मधे हातभर जागा सोडून. सहा फुटी माणूस, घोरणारा. तिला त्या घोरण्यानं झोप लागायची, असं दिसलं. जिथं पन्नास जण श्वास घेतात तिथून आलेल्या मुलीला रिकाम्या खोलीची शांतता सोसत नसेल तर नवल नाही.

पुढचा फोन संध्याकाळी उशिरा आला, मागं किंचाळण्याचा आवाज. संस्थेतून निघताना तिच्या अंगात एक निळा फ्रॉक होता, कडेची जर उसवलेली. तो ती उशीखाली ठेवायची. त्या दिवशी आईनं चादरींबरोबर तोही मशीनला लावला. धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत ठेवला. पोरीनं तो नाकाशी नेला आणि जे सुरू झालं ते थांबेना. ताट भिरकावलं, भावाला ढकललं, आईच्या हाताला चावली. मी पोचले तेव्हा ती मशीनसमोर फरशीवर बसली होती, फ्रॉक मांडीवर. त्याला आता साबणाचा वास येत होता, त्या घरातल्या सगळ्या कपड्यांना येतो तोच.

मी जवळ बसले, थोडं लांबच. बऱ्याच वेळानं तिनं तोंड वर न करता विचारलं, ‘काकू, तुमी मले न्याले आल्या काय?’

मी ‘नाही’ म्हटलं. मी इथंच पलीकडे राहते, कुणाला न्यायला आलेली नाही, हे घर तुझंच. तिनं मान डोलावली. पण ते तिनं धास्तीनं विचारलं की आशेनं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. चावरी, ताट फेकणारी मुलगी परत पाठवतात, असं तिला वाटलं असेल. किंवा आपली बोली बोलणारी बाई दोनदा आली म्हणजे आता सुटका, असंही वाटलं असेल. आईनं विचारलं, काय म्हणाली? मी जसंच्या तसं सांगितलं. ती चावलेला हात चोळत थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘दोन्ही असेल.’ या बाईबद्दल माझा आदर त्या दोन शब्दांनी वाढला. दिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं सोपं. हा पहिला प्रश्न मुलीनं स्वतःहून विचारला होता, आणि त्याचं उत्तर कुठल्याच अल्बममध्ये नव्हतं.

आमच्या मंडळींना ही हकीकत सांगितली की ठरलेलं ऐकू येतं : ‘पोरीनं नशीब काढलं.’ म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण जिनं एका विमानप्रवासात मैत्रिणी, मावश्या, बोली, ऊन, आणि अखेर फ्रॉकचा वाससुद्धा गमावला, तिनं वर आभार मानावेत ही अपेक्षा त्यात दडलेली असते. इथले कोरियन दत्तक लोक आयुष्यभर हेच ऐकत आले. २०२५ च्या मार्चमध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगानं मान्य केलं की कित्येकांचे कागद बनावट होते, आईबाप असलेल्या मुलांना अनाथ ठरवून पाठवलं गेलं होतं. ती माणसं कृतज्ञ नव्हती असं नाही. त्यांना फक्त दुःखही होतं.

बोलीचं तर फारच लवकर होतं. पॅरिसमध्ये २००३ साली संशोधकांनी तीन ते आठ या वयात कोरियातून आलेल्या आठ जणांना तरुणपणी कोरियन वाक्यं ऐकवली; त्यांना ती इतर परक्या भाषांतून वेगळी काढता आली नाहीत, मेंदूच्या चित्रणातही फरक दिसला नाही. खंडव्याचा हरवलेला सरू १९८७ मध्ये टास्मानियाला दत्तक गेला आणि २०१२ साली आईला शोधत परतला, तेव्हा तिच्याशी बोलायला हिंदी उरली नव्हती. उलट माँट्रियलमध्ये २०१४ च्या एका अभ्यासात चीनमध्ये जन्मलेल्या, तान्हेपणीच दत्तक आलेल्या फ्रेंचभाषक मुलींचा मेंदू चिनी सूर ऐकताच चिनी माणसाच्या मेंदूसारखा जागा झाला. दोन्हींतलं कोणतं आमच्या पोरीला लागू पडेल, ते बघायचं. तूर्त उन्हाळा लागायच्या आतच ती माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देऊ लागली आहे, भावाच्याच थाटात, आणि दार आपटते. पसाराही करते.

दत्तक गेलेल्या मुलाचा अहवाल भारतात पाठवावा लागतो, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. मूल नव्या घरात कितपत रुळलं, तेही त्यात लिहायचं असतं. त्यांच्या समाजसेविकेनं पहिल्या अहवालात लिहिलं, ‘अजून नाही.’ तीन महिन्यांत ‘छान रुळली’ असं लिहिणारे पुष्कळ असतील. माझा भरवसा या बाईवर आहे.