थंडीचं पित्त

आमच्या घरात गार वाऱ्यानं अंगावर पित्त उठणं नवीन नव्हतं. आजीला व्हायचं, बाबांना होतं, मलाही. पावसात भिजलं की तासा-दोन तासांनी हातापायांवर लाल चट्टे, डोळे लाल, बोटं ठणकायची, अंगात कणकण. दुसऱ्या दिवशी सगळं साफ. आई आमसुलाचं पाणी लावायची.

माझी मुलगी मात्र तान्ही असल्यापासूनच अशी फुलायची. ॲलर्जी म्हणून सेट्रिझिन सुरू झालं. त्यानं ती पेंगायची, चट्टे तसेच. मग अंडं बंद, शेंगदाणे बंद. एका डॉक्टरांनी तिच्या हातावर बर्फाचा खडा ठेवून पाहिला. तिथे काहीच उठलं नाही, म्हणून थंडीचा संबंध नाही असं ठरलं. त्या दिवशी मी फार खचले. रोज डोळ्यांनी बघत होते ना.

मग मी वहीच घातली. गारवा कधी लागला, चट्टे कधी आले, ताप किती. सोबत मोबाइलवर फोटो. लहान मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी ती वही शेवटपर्यंत वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात आणखी कुणाला?" चट्टे अंगावर असतानाच रक्त घ्यायला लावलं. शरीरातली सूज दाखवणारं सीआरपी वाढलेलं निघालं. पुढे जनुकीय तपासणीत एनएलआरपी३ या जनुकातला बदल सापडला. तिच्यात आणि माझ्यातही.

डॉक्टरांनी नीट समजावलं. नेहमीच्या पित्तात हिस्टामाइन सुटतं, म्हणून ॲलर्जीच्या गोळ्या लागू पडतात. इथे अंगाला गारवा लागला की पेशी सूज आणणारं इंटरल्युकिन-१ नको तेवढं सोडतात. त्वचेला बर्फ टेकवून ते कळत नाही, सगळ्या अंगाला गार हवा लागावी लागते. या आजाराचं वर्णन १९४० सालीच झालं होतं, जनुक सापडला २००१ मध्ये. आईबापांपैकी एकाकडे हा बदल असला तरी प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. हे ऐकल्यावर मी बराच वेळ तिच्याकडे बघू शकले नाही.

इंटरल्युकिन-१ अडवणारी इंजेक्शनं आहेत, पण महाग. तिचा त्रास सौम्य आहे, म्हणून सध्या जपणं चालू आहे. शाळेत पंख्याखालची जागा बदलून घेतली, दप्तरात कायम स्वेटर. ज्यांच्या घरी असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यांनी लघवीतलं प्रोटीन नक्की तपासावं. सूज वर्षानुवर्षं राहिली तर काहींच्या मूत्रपिंडात अमायलॉइड नावाचं प्रोटीन साठतं. बाबांची तपासणी चांगली आली. आत्याची अजून व्हायची आहे. ती टाळते आहे, पण मी पाठ सोडलेली नाही.